आधी दुसरा दिवस, मग खोल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: कर्जतजवळ कुटुंबाचं वॉटर पार्क आहे. एप्रिल-मेमध्ये पाय ठेवायला जागा नसते. शेजारची आठ एकर जमीन हाताशी आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे. तिथे 80 खोल्यांचं रिसॉर्ट बांधावं का? घरातल्या एकाचं म्हणणं, 'डिस्नेलँड पॅरिसला बघा, पार्काभोवती हॉटेलंच हॉटेलं. खरा पैसा मुक्कामात आहे.'

मी बावीस वर्षं पार्कांच्या ऑपरेशन्समध्ये काढली. त्यातली निम्मी तरी, नवीन राइड कधी आणायची आणि किती क्षमतेची आणायची, या आकडेमोडीत गेली. म्हणून उत्तर पॅरिसवरूनच देतो. उदाहरण तुमच्या घरच्यांनी अगदी योग्य निवडलंय, फक्त गोष्ट शेवटाकडून वाचली आहे. आज जी हॉटेलं भरलेली दिसतात, त्याच हॉटेलांनी पहिल्या दोन वर्षांत तो प्रकल्प जवळजवळ बुडवला होता.

आधी त्यांनी एवढी हॉटेलं का बांधली, ते समजून घ्या. 1955 मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं तेव्हा हाताशी जमीन होती 160 एकर. पार्क चाललं, आणि कुंपणाबाहेर मोटेलांची जत्रा भरली. गर्दी यांनी जमवायची आणि खोलीभाडं शेजाऱ्याने खायचं. तो धडा घेऊन फ्लोरिडात 27 हजार एकरांच्या वर जमीन आधीच गुपचूप, वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत घेतली गेली. पुढे टोकियोत दुसरीच रुखरुख. 1983 मध्ये उघडलेलं ते पार्क मालकीने ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचं. डिस्नेच्या वाट्याला रॉयल्टी. पार्क तुफान चाललं आणि डिस्नेवाल्यांना वाटलं, आपण भागीदार असतो तर? पॅरिसला दोन्ही चुका एकदम दुरुस्त करायच्या होत्या. जमीनही आपली, हॉटेलंही आपली, कंपनीत 49 टक्के वाटाही आपला. माझ्या मते पॅरिसचा खरा घोळ इथेच सुरू झाला. जुन्या दोन पश्चात्तापांवर नवा आराखडा बेतला, आणि समोर येणारं गिऱ्हाईक कोण याचा हिशेब मागे पडला.

मार्च 1987 मध्ये डिस्नेचे प्रमुख मायकेल आयस्नर आणि तेव्हाचे फ्रेंच पंतप्रधान जाक शिराक यांनी करारावर सह्या केल्या. पॅरिसच्या पूर्वेला 32 किलोमीटरवर मार्न-ला-व्हॅले इथली 1,943 हेक्टर जमीन, म्हणजे पॅरिस शहराच्या साधारण एक पंचमांश, टप्प्याटप्प्याने विकसित करायचा हक्क मिळाला. सरकारने आरईआर-ए ही उपनगरी रेल्वे पार्काच्या दारात आणून सोडली. 12 एप्रिल 1992 ला दरवाजे उघडले तेव्हा पार्क एक आणि हॉटेलं सहा. शिवाय जंगलातल्या लाकडी घरांची वेगळी वसाहत. एकूण खोल्या सुमारे 5,200.

एका पार्कासाठी 5,200 खोल्या! फ्लोरिडात 1971 ला सुरुवात झाली ती दोन हॉटेलांवर आणि एका तंबू-मैदानावर.

आता आमच्या धंद्यातला साधा हिशेब. एक कुटुंब पार्कात शिरतं. रांगा, खाणं, परेड, मुलाची रडारड सगळं धरून त्यांना पुरेल इतकं बघण्या-करण्यासारखं किती तासांचं आहे? पॅरिसचं पहिलं पार्क दिसायला देखणं होतं (माझ्या मते त्या घराण्यातलं सगळ्यात देखणं), पण दमदार कुटुंबाला ते दिवसभरात उरकता यायचं. दिवसभरात उरकलं की रात्र लागते ती फार तर एक. आणि पॅरिसचा मध्यभाग रेल्वेने चाळीसेक मिनिटांवर असेल तर तीही इथेच काढायची गरज नाही. जी रेल्वे माणसं आणून सोडते तीच संध्याकाळी परत घेऊन जाते, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही.

आपल्याकडच्या युरोप टूरवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. पुण्या-मुंबईची बस सकाळी दारात उभी राहते, टूर मॅनेजर भेटायची वेळ आणि जागा तीनतीनदा सांगतो, काकू ठेपले-चिवड्याची पिशवी सावरतात, आणि संध्याकाळी सगळे परत बसमध्ये. मुक्काम दुसरीकडे, जिथे खोली स्वस्त पडते तिथे. युरोपातल्या माणसांनीही 1992 मध्ये हेच केलं.

याचा परिणाम दिसला तो मजेशीर ठिकाणी, हॉटेलच्या काउंटरवर आणि नाश्त्याच्या टेबलावर. मुक्काम तीन-चार रात्रींचा असेल तर रोज हॉटेलमधली पाव हिस्सा माणसं बदलतात. मुक्काम एका रात्रीचा असेल तर रोज सगळंच्या सगळं हॉटेल बदलतं. लोक सकाळी येऊन थेट पार्कात घुसायचे, रात्री उशिरा खोली ताब्यात घ्यायचे आणि दुसऱ्या सकाळी खोली सोडून परत पार्कात. काउंटरवर इतकी झुंबड उडाली की जादा कॉम्प्युटर बसवावे लागले. नाश्त्याचं तर काही विचारू नका. युरोपातली माणसं सकाळी फारसं खात नाहीत या समजुतीने जेवणघरं लहान बांधली होती. मग 350 खुर्च्यांच्या जागेत 2,500 माणसांना नाश्ता देण्याची वेळ आली, आणि लोक मागत होते अंडी-बेकनचा भरपेट नाश्ता. सगळ्यांना घाईही होती, कारण बॅगा भरून पार्क उघडायच्या आत बाहेर पडायचं होतं. एका रात्रीचं गिऱ्हाईक असंच असतं. चादरी रोज धुवायच्या, काउंटरला माणसं दुप्पट, आणि भाडं मात्र एकाच रात्रीचं.

पॅरिसच्या अपयशाची गोष्ट निघाली की लोक वाइनची गोष्ट सांगतात. पार्कात दारू नाही हा अमेरिकी नियम फ्रेंचांना रुचला नाही, पुढच्या वर्षी तो सोडावा लागला, वगैरे. हे खरं आहे, पण जेवताना वाइन मिळाली नाही म्हणून कोणाचे अब्जावधी बुडत नाहीत. दुसरी एक चूक जास्त महागात पडली. अमेरिकेत आईबाप चार दिवस शाळा बुडवून मुलांना फिरायला नेतात, तसं युरोपातही होईल असं धरलं होतं. तसं झालं नाही. शाळेच्या सुट्ट्यांत गर्दी मावेना आणि एरवी, विशेषतः थंडीत, खोल्या ओस. पहिल्याच हिवाळ्यात न्यूपोर्ट बे क्लब हे मोठं हॉटेल चक्क बंद ठेवलं. त्या काळात खोल्या भरण्याचं प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास होतं.

आणि डोक्यावर कर्ज. सुमारे 20 अब्ज फ्रँक. ते फेडायचं कशातून, तर हॉटेलं आणि आजूबाजूची जमीन चढ्या भावाने विकून. 1980 च्या दशकात मालमत्तेचे भाव चढत होते तेव्हा कागदावर ते शोभून दिसलं. पार्क उघडेपर्यंत युरोपात मंदी आली, जमीन-इमारतींचा बाजार झोपला, व्याज मात्र चालूच. 1993 च्या आर्थिक वर्षात हिशेबातल्या एकरकमी नोंदी धरून तोटा 5.3 अब्ज फ्रँक. 1994 मध्ये बँकांनी व्याज सोडलं, डिस्नेने काही वर्षं रॉयल्टी सोडली, सौदी राजपुत्र अल-वलीद भांडवल घेऊन आले, तेव्हा कुठे दिवे चालू राहिले.

मग तीन गोष्टी घडल्या, आणि त्यात एकही नवी खोली नव्हती. मे 1994 मध्ये टीजीव्ही या वेगवान रेल्वेचं स्टेशन पार्काशेजारी सुरू झालं. लांबून येणाऱ्याला पॅरिसमध्ये गाडी बदलायची गरज उरली नाही, आणि लांबून येणाराच मुक्काम करतो. 1995 मध्ये तिकीट 250 फ्रँकवरून 195 वर आणलं. त्याच जूनमध्ये 'स्पेस माउंटन' ही अंधारातली मोठी रोलर कोस्टर उघडली. त्या वर्षी कंपनीने पहिल्यांदा नफा दाखवला, 11 कोटी 40 लाख फ्रँक. पुढे खोल्या 80 टक्क्यांच्या वर भरू लागल्या. हॉटेलं तीच होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण विस्ताराची दुसरी चूक पहिलीपेक्षा शिकण्यासारखी आहे.

दुसरं पार्क (आमच्या भाषेत 'दुसरं गेट') मूळ योजनेत 1990 च्या दशकाच्या मध्यालाच होतं. पैसा संपल्यावर ते बासनात गेलं. पण फ्रेंच सरकारशी केलेल्या करारात ते उभारायचं बंधन होतं, म्हणून 16 मार्च 2002 ला वॉल्ट डिस्ने स्टुडिओज पार्क उघडलं. खर्च साधारण 61 कोटी युरो. ज्यात बसून फिरायचं अशा राइड्स त्यात होत्या तीन: एक रोलर कोस्टर, एक उडते गालिचे आणि एक ट्रॅम. बाकी बघायचे कार्यक्रम. मोकळ्या डांबरी चौकात उभं राहिलं की मागच्या गोदामासारख्या भिंती दिसायच्या. स्टुडिओची थीम असल्यामुळे तसं चालून जाईल, हा बचाव. मी तिथे उभा राहून घड्याळ लावून पाहिलं आहे: जेवण धरून साडेतीन तास. साडेतीन तासांचं पार्क हा दुसरा दिवस होत नाही, तो पहिल्या दिवसाचाच लांबलेला दुपारचा भाग होतो.

आकडे बघा. 2001 मध्ये पॅरिसला 1 कोटी 22 लाख लोक आले होते. नवं पार्क उघडलं त्या वर्षी 1 कोटी 31 लाख, आणि पुढच्या वर्षी परत 1 कोटी 24 लाख. म्हणजे अख्खं पार्क बांधून वाढ जवळपास शून्य. पगार, वीज, देखभाल मात्र दोन पार्कांची. 2005 मध्ये पुन्हा कर्जाची फेररचना.

आता टोकियो. त्या लोकांनी पहिली सतरा वर्षं स्वतःचं डिस्ने हॉटेल बांधलंच नाही. आजूबाजूला इतरांची हॉटेलं उभी राहू दिली आणि सगळं लक्ष एका पार्कावर ठेवलं: दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं, स्वच्छता अशी की जमिनीवर बसून जेवावं. पहिलं डिस्ने हॉटेल आलं 2000 मध्ये. सप्टेंबर 2001 मध्ये दुसरं पार्क, डिस्नेसी. खर्च 335 अब्ज येन, म्हणजे पॅरिसच्या दुसऱ्या पार्काच्या चौपटीहून जास्त. पार्काच्या कुशीतलंच मिराकोस्टा हॉटेल त्याच दिवशी उघडलं. 2000 मध्ये वर्षाला पावणेदोन कोटींच्या आतबाहेर असलेली गर्दी दोन वर्षांत अडीच कोटींच्या जवळ गेली. कारण डिस्नेसी बघायला खरोखर अख्खा दिवस लागतो. दुसरा दिवस तयार झाला, त्याला लागून रात्र तयार झाली, मग त्या रात्रीला खोली विकली.

ही चूक फक्त युरोपातच झाली असं नाही. अ‍ॅनाहाइमला 2001 मध्ये उघडलेलं दुसरं पार्क असंच हात आखडून बांधलं होतं. सहा वर्षांनी त्यासाठी 1.1 अब्ज डॉलरची दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली आणि 2012 मध्ये ते पार्क मार्गाला लागलं. स्वस्तात केलेलं दुसरं गेट दोनदा बांधावं लागतं. पॅरिसचंही तेच झालं: 2017 मध्ये डिस्नेने कंपनी पूर्ण ताब्यात घेतली, 2018 मध्ये 2 अब्ज युरोंचा विस्तार जाहीर केला, मधोमध तळं आणि नवे विभाग आखले, आणि शेवटी पार्काचं नाव बदलून 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर वर्ल्ड' करायचं ठरवलं.

इथे तुम्ही म्हणाल, हे सगळं अब्जावधींचं, आमचं आठ एकरांचं. तर मग खोपोलीला या. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेजवळ मनमोहन शेट्टींनी 2013 मध्ये इमॅजिका सुरू केलं. 2014 मध्ये वॉटर पार्क, 2015 मध्ये हॉटेल, 2016 मध्ये स्नो पार्क. क्रम बघा, बरोबर आहे: आधी दुसरं गेट, मग खोल्या. राइड्सही जागतिक दर्जाच्या. तरीही कर्ज झेपलं नाही, आणि 2022 मध्ये कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली, जे शिर्डी आणि लोणावळ्याला आधीपासून वॉटर पार्क चालवत होते. चार वर्षांत चार प्रकल्प उभे करायला भांडवल उसनं असेल, तर प्रत्येक प्रकल्पाला पाय रोवायला मिळालेला वेळ व्याजाच्या वेगापुढे कमी पडतो. आणि एक्स्प्रेसवे म्हणजे आपला आरईआर-ए. पुणेकर आणि मुंबईकर दोघंही रात्री आपल्या गादीवर जाऊन झोपतात.

आता तुमच्या पार्काकडे. मे महिन्यात पाय ठेवायला जागा नाही, हे वाक्य मी निदान वीस मालकांकडून ऐकलंय. त्याचा अर्थ दर वेळी 'आपल्याला विस्तार हवा' असा नसतो. बऱ्याचदा अर्थ असतो, तुमच्या स्लाइड माणसं खाली सोडत नाहीत.

एका पार्कात मला असंच बोलावलं होतं. चार मजली टॉवर, दोघांच्या ट्यूबची स्लाइड, रांग तासाभराची. मालकाला शेजारी आणखी एक स्लाइड हवी होती. मी वर जाऊन स्टॉपवॉच लावलं. तीस सेकंदाला एक ट्यूब सुटायला हवी, म्हणजे तासाला 240 माणसं. सुटत होती पंचेचाळीस सेकंदाला, तासाला 160. कारण काय? ट्यूब लोकांनीच खांद्यावर घेऊन जिना चढायचा होता. जिन्याच्या वळणावर दोन ट्यूब अडकायच्या, खालचे वरच्यांवर ओरडायचे, आणि वर लाइफगार्ड पोरगा तोंडात शिट्टी धरून रिकामा उभा. पुढे माणूस आहे, पाणी आहे, ट्यूब नाही! ट्यूब वर नेणारा पट्टा बसवला आणि जिन्यावर आत्याबाईंच्या ओल्या साडीचा घोळ आवरायला एक मावशी उभी केली. पंधरा दिवसांत अंतर बत्तीस सेकंदांवर आलं. नव्या स्लाइडच्या खर्चाच्या एका छोट्या तुकड्यात त्या एकाच स्लाइडची क्षमता जवळजवळ दीडपट झाली.

म्हणून 80 खोल्यांच्या आधी ही कामं करा. पहिलं, प्रत्येक स्लाइडची खरी तासाची क्षमता मोजा, कंपनीच्या पत्रकातली नव्हे. सगळ्यांची बेरीज करा आणि तिला गर्दीच्या वेळी आत असलेल्या माणसांनी भागा. माणशी तासाला दीड फेरीच्या खाली आकडा येत असेल, तर तुमचं गिऱ्हाईक मजेपेक्षा रांगच जास्त बघतंय, आणि अशा माणसाला रात्री राहा म्हणणं फुकट आहे.

दुसरं, लोक पाचला का निघतात ते बघा. वॉटर पार्कात ते कारण बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असतं. ओलं अंग, भुकेलं पोर, कपडे बदलायच्या खोलीबाहेर रांग आणि 'एकदाचं घरी पोचू या' हा विचार. बदलायच्या खोल्या दुप्पट करा, गरम पाणी द्या, पाच ते आठ कोरड्या कपड्यांत करण्यासारखं काहीतरी ठेवा. लाइटिंग, एखादा मोठा झोका, भजी-चहाची चांगली जागा. तीन तास वाढले की खाण्याचा गल्ला वाढतो, त्याला बँक लागत नाही.

तिसरं, आठ एकरांपैकी तीनात कोरड्या (पाण्याशिवायच्या) राइड्सची छोटी बाग करून बघा, जी जूनपासून सप्टेंबरपर्यंतही चालेल. पावसाळ्यात कर्जतला माणसं येतातच, ती धबधब्याला जातात. छपराखालचं काही असेल तर तुमच्याकडेही वळतील. पाच एकर रिकामी ठेवा. रिकाम्या जमिनीवर व्याज चढत नाही. ती आधीच तुमची असेल तर. पॅरिसवाल्यांचं एकच धोरण मी डोळे मिटून उचलीन, ते हे: जमिनीचा हक्क राखून ठेवायचा आणि लागेल तसा टप्पा उघडायचा.

आणि खोल्या बांधायच्याच असतील तर 80 नकोत, 16 बांधा, पुढे जोडता येतील अशा. दोन मे महिने आणि दोन जुलै जाऊ द्या. आकडा बघायचा तो खोल्या किती भरल्या हा नव्हे, भरलेल्या खोलीत माणूस सरासरी किती रात्री राहिला हा. तो 1.1 वर अडकला असेल तर तुम्ही 1992 च्या पॅरिसमध्ये आहात, आणखी 64 खोल्या म्हणजे आणखी 64 चादरी. तो 1.6 च्या पुढे सरकू लागला तर मला परत लिहा, मग बँकेच्या कागदांवर बोलू.

तोवर एक काम करा. या आठवड्यात शनिवारी आणि मंगळवारी गेटवर एका पोराला वही देऊन बसवा. दर अर्ध्या तासाला आत किती, बाहेर किती, एवढंच लिहायचं. ते दोन कागद पाठवा.